फोल्डरचं नाव

पप्पांनी रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी लातूरला होते. तो पहिल्यांदा सुरू झाला ते मी पाहिलं नाही, आईकडून ऐकलं. दुकानातला माणूस वायरी जोडून, चहा पिऊन निघून गेला आणि पडद्यावर नाव विचारणारी चौकट आली. पप्पांची रीत अशी, की दारात कोणी आलं किंवा फोनवर कोणी बोललं तर आधी जय भीम घालायचा आणि मग कामाचं बोलायचं. त्यांनी चौकटीत मराठीत 'जय भीम' लिहिलं. स्वतःचं नाव ते पुढच्या चौकटीत लिहिणार होते, पण पुढं नावाची चौकट आलीच नाही. तेव्हापासून त्या कॉम्प्युटरवरचं त्यांचं खातं त्याच नावाचं, आणि त्यांच्या सगळ्या फाईली ज्या फोल्डरात राहतात त्याचंही नाव तेच. आईनं हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते.

पप्पा हदगावला सरकारी कचेरीत क्लार्क होते. मराठी टायपिंगची परीक्षा ते टाइपरायटरवर पास झालेले, आणि त्या गोष्टीचा त्यांना आम्हा मुलांपेक्षा जास्त अभिमान होता. रिटायर झाल्यावर नांदेडच्या घरी बसून त्यांनी विहारातला ग्रंथ पहिल्या पानापासून टाइप करायला घेतला. छापील पुस्तकाची अक्षरं बारीक पडतात, मोठ्या अक्षरांत काढून घेतो, असं ते म्हणायचे. दिवसभर बोटं आपटून आपटून त्यांनी तो पुराही केला.

वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचायला पप्पा बसायचे. अंगात पांढरा सदरा, पुढ्यात चौरंग, चौरंगावर ग्रंथ. एक पान वाचायचं, मग चष्मा काढून तेच पान आपल्या बोलीत सांगायचं, अशी त्यांची पद्धत. बायका भाकरी उरकून येत, म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसत. आमच्या घरात त्या तीन महिन्यांत पाहुणे, लग्नं, दवाखाना, सगळं त्या वाचनाच्या आधी किंवा नंतर. लहानपणी मला त्याचा राग यायचा, कारण त्या वेळी टीव्ही बंद ठेवावा लागे.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. शुगर होतीच, तिच्या जोडीला काचबिंदू निघाला. ते पडद्यावरचं अक्षर मोठं करत गेले आणि शेवटी अक्षर एवढं झालं की पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावायचा. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं जपा, वाढून येणार नाही. मी उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा ते ओट्यावर बसून होते. मला म्हणाले, "माय, तू एवढं कॉम्प्युटरचं शिकली. मला वाचून दाखवंल असं काही हाय का त्याच्यात?"

त्यांचा बेत साधा होता. दुपारी मशीननं वाचायचं, त्यांनी ऐकून ध्यानात ठेवायचं आणि संध्याकाळी विहारात सांगायचं. तोंडपाठ ठेवण्यात ते पहिल्यापासून तरबेज. मी नोकरीला लागल्यापासून त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. आषाढी पौर्णिमेच्या आधी करून देते म्हणाले.

मी लातूरला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करते. परीक्षांचे पेपर छापणारे, गुण मोजणारे प्रोग्राम सांभाळते. तेव्हा हे माझ्या हातचा मळ आहे असं मला वाटलं. मराठी वाचणारा एक तयार आवाज होताच, तो मी आधी बसवून दिला. पण तो सगळ्या 'ळ'चा 'ल' करायचा. पप्पांनी दोन वाक्यं ऐकली आणि हा कुठला माणूस धरून आणला म्हणून विचारलं. तो बंद केला. मग शोधता शोधता मला एक गट सापडला. आपापला नोकरीधंदा सांभाळून, फुकटात, अंध माणसांसाठी मराठी वाचणारा प्रोग्राम बनवणारी ती माणसं. त्यांचं सगळं काम उघडं, कोणीही घ्यावं, बघावं, बदलावं. त्यांचा नवा मराठी आवाज ऐकला आणि मी तो पुन्हा पुन्हा लावला. 'ळ' होता, 'च' दोन्ही तऱ्हेचा होता, एखाद्या शांत मास्तरासारखा तो वाचत होता.

अडचण एवढीच, की तो आवाज अजून तयार मालात आलेला नव्हता. नुसता सोर्स होता. तयार पीठ दुकानात नाही, गहू आहेत, घेऊन जा आणि आपापल्या गिरणीतून दळून आणा, तसं. आमच्या भाषेत त्याला बिल्ड करणं म्हणतात. गहू तेच असले तरी प्रत्येक गिरणीचा स्वभाव निराळा. माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स आहे, तिथं ते कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत झालं. ऑफिसातल्या मॅकवर अर्धा दिवस गेला, हे नाही, ते नाही करत त्यानं मला चारदा इंटरनेटवर पिटाळलं, पण झालं. ऑफिसातल्या विंडोजवर शिव्या घालत घालत केलं, तेही झालं. पप्पांच्याही मशीनवर विंडोजच, म्हणून ते पेनड्राइव्हवर घेऊन मी शनिवारी अहमदपूर, लोहा करत नांदेडला आले. आईनं अर्धापूरहून मामानं पाठवलेली केळी पुढं ठेवली होती, ती न खाता आधी कॉम्प्युटरला बसले.

पप्पांच्या मशीनवर प्रोग्राम उघडला आणि उघडल्या उघडल्या बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. मग मी सोर्स तिथंच आणून तिथंच बिल्ड करायला घेतलं. निम्म्याच्या पुढं जाऊन तेही तुटलं. पप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांना दिसत नव्हतं, पण माझ्या बोटांचा आवाज थांबला की ते मान वर करायचे.

बिल्ड तुटलं की मशीन त्याचा सगळा पाढा वाचतं. काय केलं, कुठल्या फोल्डरात केलं, कुठं अडलं. हा पाढा गटाच्या पानावर चिकटवायचा आणि मदत मागायची, अशी रीत आहे. ते पान सगळ्या जगाला दिसतं. मी पाढा उचलला, चिकटवला आणि पाठवायच्या आधी एकदा नजर टाकली. जवळजवळ प्रत्येक ओळीत फोल्डरचा पत्ता होता आणि प्रत्येक पत्त्यात 'जय भीम' होतं. काही ओळींत ते नीट उमटलं होतं. काही ओळींत त्याच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. त्याचं मला काही वाटलं नाही. मराठी अक्षरांच्या जागी चौकटी नि प्रश्नचिन्हं बघायची आपल्याला सवयच आहे. मला वाटलं ते दुसरंच. माझा हात थांबला.

गटातली माणसं पुण्याची, मुंबईची, नागपूरची, दोघं परदेशातली. सगळी मराठी वाचणारी. माझ्या ऑफिसातल्या दोघांनाही मी त्या पानाचा पत्ता दिला होता, मोठेपणानं, बघा मी कुठं कुठं काम करते म्हणून. मी शोधा-आणि-बदला उघडलं. 'जय भीम' काढून सगळीकडं 'abc' घातलं. प्रश्नचिन्हं राहिली होती, तीही काढून 'abc' केली. मग पाठवून दिलं. पप्पांनी विचारलं, "काय करून राहिली?" मी म्हणाले, पुण्याच्या लोकांना विचारतेय.

हे का केलं ते मला कोणी विचारलं असतं तर मी रागानं भांडले असते. मी काही लाजत नाही, असं मी कित्येकदा लोकांना सांगितलं आहे. पण लातूरची खोली घेताना घरमालकिणीनं विचारलं होतं, कोणापैकी म्हणायचं तुम्ही? तेव्हा मी आमचं हदगावकडं असतं असं उत्तर दिलं होतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. तिनं मान हलवली आणि किल्ली दिली. पुढं कधीतरी पप्पा मला भेटायला आले, गॅलरीत उभं राहून फोनवर दणदणीत जय भीम म्हणाले, आणि मी आतून येऊन जिन्याकडचं दार लावून घेतलं. वारा येतोय म्हणाले. त्या आधी घरमालकीण मला अधूनमधून तांब्याभर ताक पाठवायची. त्यानंतर ते बंद झालं असं मला वाटलं. पण तेव्हा उन्हाळाही संपला होता. ती बाई मला कधी एका शब्दानं वाकडं बोललेली नाही, आणि आजही मी तिच्या चेहऱ्याकडं बघून अंदाज बांधत असते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

गटात एक पुण्याचे काका होते. रिटायर झालेले, प्रत्येक उत्तराची सुरुवात 'ताई' म्हणून करणारे. त्यांनी माझा प्रश्न आपल्या अंगावर घेतला. माझ्या पाढ्यातली ओळ न् ओळ त्यांनी वाचली. माझ्या पप्पांच्या मशीनवर विंडोजची जी आवृत्ती होती तीच त्यांनी आपल्या मशीनवर मुद्दाम बसवली. मी लिहिलं तसाच 'abc' नावाचा फोल्डर केला, त्यात बिल्ड केलं. त्यांच्याकडं ते व्यवस्थित झालं. 'ताई, तुमच्याकडंच काहीतरी वेगळं आहे,' त्यांनी लिहिलं. मग मशीनची मेमरी खराब असेल म्हणाले, ती तपासायला लावली. व्हायरस असेल म्हणाले, तो शोधायला लावला. एकदा म्हणाले, नेटवरून मला जोडून द्या, मी स्वतः बघतो. मी लिहिलं, आमच्याकडं नेट फार हळू आहे. नांदेडला आमच्या घरी नेट चांगलं पळतं.

दर शनिवारी मी नांदेडला जायचे, काकांनी सांगितलेलं करून बघायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. पालथ्या घड्यावर पाणी. आषाढी पौर्णिमा आली नि गेली. वर्षावास सुरू झाला. पप्पांच्या जागी वस्तीतले दुसरे एक गृहस्थ वाचायला बसू लागले. त्या रविवारी लातूरची गाडी सोडून मी पप्पांना हात धरून विहारात नेलं. ते सवयीनं चौरंगाकडं निघाले, मग थांबले आणि मागं भिंतीशी बसले. वाचणारे गृहस्थ अडखळत वाचत होते. मोठे जोडशब्द आले की ते थांबायचे, आणि पप्पांचे ओठ तो शब्द पुरा करायचे. आवाज मात्र काढायचे नाहीत. पुढच्याला अपमान वाटू नये म्हणून. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचे ओठ बघत होते आणि पुण्याच्या काकांवर मनातल्या मनात चिडत होते, यांना एवढं साधं कसं सापडत नाही म्हणून.

पुढच्या खेपेला मी शेवटचा उपाय म्हणून त्या मशीनवर एक नवं खातं काढलं. व्हायरस असला तर जुन्या खात्यात असेल, एवढाच विचार. खात्याला नाव दिलं 'user'. त्यात पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम टाकला आणि तो पहिल्या फटक्यात बोलायला लागला.  मशीन तेच, विंडोज तेच, प्रोग्राम तोच. बदललं होतं फक्त नाव. प्रोग्रामच्या एका जुन्या भागाला फोल्डरच्या पत्त्यातली मराठी अक्षरं वाचता येत नव्हती. लिनक्सला येत होती, मॅकला येत होती, विंडोजवर तो भाग अडायचा. न वाचता आलेल्या नावाच्या जागी तो प्रश्नचिन्हं मांडायचा, आणि मग त्या प्रश्नचिन्हांच्या नावाचा फोल्डर शोधत बसायचा. तसा फोल्डर जगात नव्हता. म्हणजे मशीननं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं काय बिघडलंय ते. आणि मी नेमकं तेवढंच पुसून काकांपुढं ठेवलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. तोही सगळ्या गटाला घालायला लावला.

पप्पांनी आवाज ऐकला आणि हात जोडल्यासारखे छातीशी धरले. त्यांनी ग्रंथाचं पहिलं पान लावायला सांगितलं. एवढ्या वर्षांत स्वतः टाइप केलेली ती वाक्यं ते डोळे मिटून ऐकत होते, मधेच एका ठिकाणी अरे, इथं काना राहिला म्हणून हळहळले. मग विचारलं, "माझ्या खात्यात का लागंना हे?" मी म्हणाले, त्या खात्याच्या नावातली अक्षरं मशीनला कळत नाहीत, इंग्रजी नाव लागतं. ते बरं म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा बरं म्हणाले. त्यांच्या फाईली मी नव्या खात्यात हलवल्या. त्या दिवशी संध्याकाळी ते चौरंगामागं बसले, आणि पुस्तक न उघडता दुपारी ऐकलेलं पान त्यांनी सांगितलं. आई बायकांच्या रांगेत बसून रडली. मीही रडले असते, पण माझ्या रडण्यावर माझाच विश्वास नव्हता.

गटाच्या पानावर मी लिहिलं की सापडलं, फोल्डरच्या नावात इंग्रजी सोडून दुसरी अक्षरं असली की त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात नि अडतं. काकांचं उत्तर लगेच आलं. त्यांनी आनंद व्यक्त केला आणि मग लिहिलं, 'पण ताई, तुमच्या पाढ्यात तर abc होतं?' मी लिहिलं, मूळ नाव खासगी असल्यामुळं बदललं होतं, क्षमस्व. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच लिहिलं, 'मूळ पाढ्यातली प्रश्नचिन्हं दिसली असती तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. असो. आता आपण प्रोग्रामच दुरुस्त करू. तपासणीसाठी तुमच्या फोल्डरचं नेमकं नाव लागेल.' अशी दुरुस्ती झाली की तपासणीत ते नाव कायमचं लिहून ठेवतात. पुढं कोणीही, कुठल्याही सिस्टिमवर बिल्ड केलं, की मशीन आधी त्या नावाचा एक फोल्डर तयार करून बघतं, सगळं नीट चालतं ना म्हणून. हे मला माहीत होतं. तरी मी लिहिलं, नाव होतं 'नमुना'. काकांनी 'नमुना' घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत मी ते प्रकरण मिटवलं.

पप्पा नव्या खेळण्यावर खूश होते. प्रोग्राम आता पडद्यावरचं काहीही वाचायचा. वर्तमानपत्रं, हवामान, बियाण्याच्या जाहिराती. एक दिवस म्हणाले, ज्यांनी हे बनवलं त्यांचं बोलणं ऐकायचंय, त्यांना आभाराचे दोन शब्द लिहायचेत. मी गटाचं पान उघडून दिलं आणि आत आईला भाजी चिरू लागायला गेले. त्या पानावर शेकडो चर्चा आहेत. पण बाणाची बटणं दाबत दाबत त्यांनी माझं नाव शोधून काढलं असणार. आपल्या लेकीनं काय लिहिलंय, हे कोणता बाप आधी ऐकणार नाही?

बाहेरच्या खोलीतून तो शांत मास्तराचा आवाज यायला लागला. मी आधी लक्ष दिलं नाही. मग त्यातले शब्द ओळखीचे वाटले. 'मूळ नाव खासगी असल्यामुळं बदललं होतं, क्षमस्व.' माझंच वाक्य. त्याला सूर नाही, राग नाही, काही नाही, वर्तमानपत्रासारखं वाचलेलं. मी विळी धरून तशीच बसले. आवाज पुढं गेला. काकांचं प्रश्नचिन्हांचं वाक्य आलं, मग 'नाव होतं नमुना' आलं. मग थांबला. बटण दाबल्याचा आवाज आला, आणि तो मागं जाऊन पुन्हा तिथूनच वाचायला लागला. पप्पा पुन्हा ऐकत होते. आईनं माझ्याकडं पाहिलं, काय गं, म्हणून विचारलं. मी उठून बाहेर गेले.

ते पडद्याकडं तोंड करून बसले होते. म्हणाले, "हे एबीसी कोण हाय?"

मी म्हणाले, कोणी नाही.

"त्या मशीनला आपलं नाव वाचता येईना, म्हणून त्यानं प्रश्नचिन्हं घातली. ते समजलं मला. तुला तर येत व्हतं."

एवढंच. आवाज चढवला नाही. मी काहीतरी सांगायला लागले, गटात सगळी माणसं असतात, ऑफिसची दोघं वाचतात, तुम्हाला लातूरचं माहीत नाही. माझंच बोलणं माझ्या कानाला त्या मशीनसारखं लागत होतं, म्हणून मधेच सोडलं. मला वाटत होतं त्यांनी रागवावं. एखादी जुनी गोष्ट सांगावी, कचेरीत त्यांनी कसं सोसलं, तरी कसं ताठ राहिले, म्हणजे मला मान खाली घालून ऐकता आलं असतं. त्यांनी काही सांगितलं नाही. हातानं चाचपून स्पीकर बंद केला आणि आईला भाकरी झाली का म्हणून विचारलं. जेवताना ते नेहमीसारखे बोलले. संध्याकाळी विहारात गेले, मला चल म्हणाले नाहीत.

ते भिंतीशी बसून होते, दुसऱ्याचं अडखळतं वाचन ओठांनी पुरं करत होते, ते सगळे दिवस माझ्या त्या शोधा-आणि-बदलामुळं गेले होते. हे त्यांनी ओळखलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची मला लाज वाटते. अजूनही विचारलेलं नाही.

लातूरला परत आल्यावर मी गटाच्या पानावर लिहिलं, की नमुना हे खरं नाव नव्हतं, खरं नाव 'जय भीम' होतं, आणि मूळ पाढा जसाच्या तसा जोडला.  मग मी लॅपटॉप मिटून खाली गेले, उगाच दूध आणलं, वर आले, पुन्हा उघडला. काकांचं उत्तर आलेलं होतं. 'आभारी आहे ताई. नाव बदलून घेतलं. दोन शब्दांच्या मधे मोकळी जागा आहे ना? तीही महत्त्वाची, तिच्यानंही अडतं.' बस्स. मी ज्याला एवढी घाबरत होते त्यातली त्यांना फक्त मधली मोकळी जागा खटकली. खाली नागपूरच्या एका माणसानं, जो आजवर त्या चर्चेत एक अक्षर बोलला नव्हता, नुसतं 'जय भीम' लिहिलं होतं. मी त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि ते अर्धवट ठेवून झोपले. ऑफिसातली दोघं दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी होती. तरी मी दिवसभर त्यांच्याकडं बघत होते.

दुरुस्त झालेला सोर्स मी आश्विन पौर्णिमेच्या थोडं आधी नांदेडला नेला. पप्पांच्या मशीनवर, त्यांच्या जुन्या खात्यात, त्याच नावाच्या फोल्डरात बिल्ड केलं. एकदाही न अडता झालं. 'user' खातं पुसून टाकलं. मग मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि बाजूला दारात जाऊन उभी राहिले. पप्पा खुर्चीत बसले. हा प्रोग्राम आता अगदी सुरुवातीपासून बोलतो, आधी ज्याचं खातं असेल त्याचं नाव घेतो.

"जय भीम," मशीन म्हणालं.

"जय भीम," पप्पा म्हणाले. विचार करून नाही. कोणी घातला की परत घालायचा, तसं.

मग पासवर्ड टाकायच्या आधी ते थांबले. बोटं कीबोर्डवर, मान थोडी दाराकडं. त्यांना मी दिसत नव्हते, पण मी तिथं आहे हे त्यांना माहीत होतं. मागची खिडकी उघडी होती. शेजारची बाई तिकडं भांडी घासत होती. आमच्याच वस्तीतली, आमच्यातलीच बाई. तिच्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हणाले, "जय भीम, पप्पा." आणि माझ्या लक्षात आलं, की तेवढंही मी खिडकीपलीकडं जाणार नाही अशा बेतानं, हळू म्हणाले होते.

पप्पांनी ऐकलं. मान पुन्हा पडद्याकडं वळवून पासवर्ड टाकला.